चार बोअर, एकच पाणी

मागे लातूरला आम्हा फोटोग्राफर मंडळींची बैठक झाली. एका ज्येष्ठ व्यवसायबंधूंनी चार हार्डडिस्क बसणारा डबा टेबलावर ठेवला, त्यातून लग्नाचा व्हिडिओ पडद्यावर लावला आणि चालू डब्यातली एक डिस्क सगळ्यांदेखत ओढून बाहेर काढली. व्हिडिओ अडखळलासुद्धा नाही. अंतरपाट धरलेला होता तो धरलेलाच राहिला, अक्षता पडत राहिल्या. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, "बघा, डिस्क गेली, डेटा गेला नाही. रेड लावलं की बॅकअपचा प्रश्न मिटला. डबा घ्या आणि निवांत झोपा."

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खरं नाही, आणि त्यावर विसंबून आपल्या भागातले कितीतरी स्टुडिओ, पतसंस्था, दवाखाने आणि शाळा आपला सगळा साठा एका डब्यात ठेवून बसलेत. मी त्या दिवशी उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही, म्हणून आता लिहितोय.

आधी त्यांच्या बाजूचं, कारण त्यांनी दाखवलं ती जादू नव्हती. मोंढ्यातल्या आडतीचं उदाहरण घ्या. तीन मुनीम तीन वह्या लिहितात. आजच्या पहिल्या ओळीत एकाकडे १२ पोती, दुसऱ्याकडे ७, तिसऱ्याकडे ५. चौथी वही फक्त बेरजेची, तिथं त्याच ओळीत २४. आता दुसरी वही हरवली. २४ मधून १२ आणि ५ वजा करा, ७ परत मिळाले. ओळीमागून ओळ असं करत गेलं की अख्खी वही पुन्हा लिहून होते. रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क एकत्र जुंपायची पद्धत; तिच्या प्रकारांना आकडे असतात, आणि त्यातलं रेड पाच हेच करतं. तिथं पोत्यांऐवजी एक आणि शून्य असतात आणि बेरजेऐवजी एवढंच बघतात की त्या ओळीत एक हा आकडा सम वेळा आला की विषम वेळा. त्या नोंदीला पॅरिटी म्हणतात. फरक इतकाच की बेरजेची नोंद एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीनं चारही डिस्कवर वाटतात, म्हणजे एकीवर भार पडत नाही. ४ टीबीच्या चार डिस्क लावल्या तर १२ टीबी वापरायला मिळतात, एका डिस्कइतकी जागा हिशेबात जाते. रेड सहामध्ये असे दोन हिशेब ठेवतात, म्हणून दोन डिस्क गेल्या तरी चालतं आणि जागा ८ टीबी उरते. रेड एक म्हणजे नुसता आरसा, दोन डिस्कवर तेच. रेड दहा म्हणजे आरशांच्या जोड्या. आणि रेड शून्यात तर बचाव काहीच नाही, वेगासाठी फाईलचे तुकडे करून सगळ्या डिस्कवर पसरतात, त्यात एक गेली की सगळं गेलं. हे शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण 'रेड आहे' एवढं ऐकून निर्धास्त झालेला एक जण मला माहीत आहे ज्याच्या डब्यावर शून्य लावलेलं होतं.

आता त्याच वहीत दुसरी गोष्ट करून बघा. मुनिमानं चुकून ७ च्या जागी ७० लिहिले. चौथी वही लगेच ८७ म्हणते. संध्याकाळी दुसरी वही जळाली तर चौथी वही अगदी इमानानं ७० परत देते. कुणी ती ओळच खोडली तर बेरीजही तशी बदलते. कुणी रात्री शिरून तिन्ही वह्या परक्या लिपीत लिहून ठेवल्या, तर चौथीही त्याच लिपीची बेरीज सांभाळते. खंडणीसाठी फाईली कुलूपबंद करणारे व्हायरस हेच करतात, आणि डबा त्या कुलूपबंद फाईली मोठ्या निष्ठेनं जपतो. आत्ता या क्षणी वहीत काय आहे, एवढंच पॅरिटीला ठाऊक असतं. काल काय होतं ते तिला कधीच माहीत नव्हतं.

मदतनीस पोरगं घाईत चुकीचं फोल्डर उडवतं, असं प्रत्येक स्टुडिओत वर्षातून एकदा तरी होतं. ज्येष्ठांनी डिस्क ओढून दाखवली. मी त्या हॉलमध्ये त्यांना विनंती केली असती की आता तेच लग्नाचं फोल्डर डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही काढा, आणि रेडकडून परत मागा. टाळ्या पडायच्या आधी हा दुसरा प्रयोग व्हायला हवा होता.

नव्या डब्यांत स्नॅपशॉट म्हणून सोय असते, ठरावीक वेळची स्थिती जपून ठेवणारी. चांगली सोय आहे, जरूर लावा. पण ती रेडची नव्हे आणि तीही त्याच डब्यात राहते. डबा चोरीला गेला तर स्नॅपशॉट चोरासोबत जातो.

ज्यांनी हे तंत्र मांडलं त्यांनी त्याला बॅकअप म्हटलंच नव्हतं. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. त्या काळी मोठ्या संगणकांच्या डिस्क अवाढव्य आणि महाग होत्या, घरगुती संगणकांच्या छोट्या आणि स्वस्त. त्यांचा सवाल होता की शंभर छोट्या एकत्र जुंपल्या तर एका मोठीपेक्षा वेगानं काम होईल का? होईल. पण अडचण तिथंच होती. एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं तर शंभरांच्या ताफ्यात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, कुठली तरी एक जाणार. एवढ्या वेळा काम बंद पडून कसं चालेल? म्हणून जादा डिस्क आणि पॅरिटीचा हिशेब. सारा खटाटोप डिस्क मेली तरी काम थांबू नये यासाठी होता. बँकेचं काउंटर सुरू राहावं, दवाखान्याची रांग अडू नये, आमचं एडिटिंग बंद पडू नये. त्या कामात रेड अव्वल आहे आणि माझ्या स्टुडिओत ते आजही लावलेलं आहे.

नावाची गोष्ट इथं महत्त्वाची आहे. त्या निबंधात रेडमधलं 'आय' हे अक्षर 'स्वस्त' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं होतं. पुढं बाजारात त्याचा अर्थ 'स्वतंत्र' असा रुळला. माझं सगळं भांडण या 'स्वतंत्र' शब्दाशी आहे. मूळ गणितही डिस्क एकमेकींशी संबंध न ठेवता बिघडतात असं गृहीत धरूनच केलेलं आहे. बैठकीत ज्येष्ठ म्हणाले, "दोन डिस्क एकाच वेळी जात नसतात." कागदावर नसतील जात. पण आपल्या डब्यातल्या चार डिस्क स्वतंत्र आहेत कुठं? एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आल्या. एकाच पॉवर सप्लायवर चालतात. मे महिन्यात पत्र्याखालच्या त्याच खोलीत तापतात. डीपी उडून लाईट आली-गेली की चौघींना एकच झटका बसतो. मधलं कंट्रोलर कार्ड वेडं झालं तर चौघींवर एकच वेडेपणा लिहितं. आणि कळफलकावरचा हात तर एकच आहे. चार भावांनी एकाच ताटात जेवून चौघांना एकदम बाधा झाली, तर त्याला योगायोग म्हणत नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याकडे असाच डबा होता, ४ टीबीच्या चार डिस्क, रेड पाच, चारही एकदम घेतलेल्या. मे महिन्यातली गोष्ट, लग्नसराई शिगेला. एका संध्याकाळी डबा बीप करू लागला, तिसऱ्या कप्प्याचा हिरवा दिवा नारिंगी झाला. घाबरलो नाही, याचसाठी तर रेड घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी लातूरहून नवी डिस्क आणली, बसवली, रिबिल्ड सुरू केलं. इथं एक गणित समजून घ्या. नवी डिस्क भरायची तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत वाचाव्या लागतात, मिळून १२ टीबी. सेकंदाला दीडशे एमबीचा वेग सलग मिळाला तरी सात-साडेसात तास, आणि मधे कुणी काम करत असेल तर दिवसही लागतो. घरगुती प्रकारच्या पुष्कळ डिस्कच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की साधारण साडेबारा टीबी वाचनामागे एखादी जागा वाचताच न येणं कंपनी गृहीत धरते. प्रत्यक्षात बहुतेक डिस्क याहून बऱ्या वागतात. पण थकलेल्या तिघींना, उन्हाळ्याच्या रात्री, आयुष्यातलं सगळ्यात जड काम आपण नेमकं त्या वेळी सांगतो जेव्हा हाताशी एकही जादा उरलेली नसते.

रात्री दोनच्या सुमाराला ५८ टक्के झालं होतं. मी पंखा डब्याकडे वळवून ठेवला होता आणि खुर्चीतच बसलो होतो. पहिल्या कप्प्यातून टक्-टक्, टक्-टक् असा आवाज आला, नखानं पत्रा वाजवल्यासारखा. दिवा नारिंगी झाला. मग डब्यातलं सगळं एकदम गेलं, थोडंथोडं नव्हे. चार वह्यांतल्या दोन नाहीत म्हटल्यावर बेरीज काय सांगणार?

त्यात नऊ लग्नं होती. दोन लग्नांची मेमरी कार्डं अजून पुसली नव्हती, ती वाचली. चार लग्नांचे फोटो कच्चे का होईना पेन ड्राइव्हवर घरच्यांना देऊन झाले होते, त्यांच्या घरी जाऊन हात जोडून परत कॉपी करून आणले. तीन गेली. त्यातल्या एका लग्नातल्या नवरीचे वडील पुढच्या हिवाळ्यात वारले. ती मुलगी सासरहून आली, काउंटरपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, पाठवणीच्या वेळी पप्पा काहीतरी बोलले होते माझ्या कानात, त्याचा व्हिडिओ होता ना तुमच्याकडं?" होता. रेड पाचवर होता.

मला हे तेव्हा कळायला नको होतं, फार आधी कळलेलं असायला हवं होतं, कारण आमच्या घरात ते १९९३ सालीच घडून गेलं होतं. ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ऊन-पावसाला पिढ्यानपिढ्या पुरून उरलेली घरं, ती क्षणात खाली आली. हजारो माणसं गेली. पुढं कित्येक महिने आमच्या वडिलांच्या स्टुडिओत त्या गावांकडची माणसं येत राहिली. बसायची, पाणी प्यायची, आणि मग विचारायची, "आमच्या लग्नाचा फोटो काढला होता तुम्ही, त्याची काच हाय का?" निगेटिव्हला ती काच म्हणायची. घरातल्या भिंतीवरची तसबीर, पेटीतला अल्बम, देवळीतला पासपोर्ट फोटो, सगळं एकाच ढिगाऱ्याखाली गेलं होतं. एका घरात एका फोटोच्या तीन-तीन प्रती असल्या तरी उपयोग झाला नाही, कारण घर एकच होतं. वडील बटर पेपरच्या पाकिटांवर बॉलपेनानं गावाचं नाव आणि तारीख टाकून निगेटिव्ह बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवायचे. ते डबे औशात होते, म्हणून ते चेहरे उरले. वडिलांनी त्या प्रिंटचे पैसे घेतले नाहीत. ज्याचा मुलगा ढिगाऱ्यातून निघाला नव्हता अशा माणसाला सात वर्षांच्या पोराचा फोटो ओला-ओलाच हातात देताना मी त्यांना पाहिलंय.

प्रत कशाला म्हणायचं, हे त्या डब्यांनी ठरवून दिलं आहे. ज्या घावानं मूळ वस्तू जाईल, त्याच घावानं जी जाणार नाही, ती प्रत. त्याच खोलीतली, त्याच वायरीवरची, त्याच हाताखालची दुसरी डिस्क या व्याख्येत बसत नाही, मग तिच्यावर अक्षरन् अक्षर तेच का असेना.

पाण्याच्या बाबतीत हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. अंगणात एक बोअर होता तो आटला म्हणून लोकांनी त्याच अंगणात दुसरा मारला, तिसरा मारला. काहींनी चौथाही. चारही बोअर एकाच पाण्यावर होते. ते पाणी खाली गेलं तसे चारही एका आठवड्यात फुफाटा ओकायला लागले. मोटर बिघडली तर दुसरा बोअर कामी येतो, हे खरं. पाणीच गेलं तर चाळीस बोअरही कामाचे नाहीत. लातूर जगलं ते मिरजेच्या पाण्यावर. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून. ते पाणी उपयोगी पडलं कारण ते मांजरेचं नव्हतं.

आता ज्येष्ठांचे बाकीचे मुद्दे. ते म्हणाले, वेगळी प्रत ठेवणं परवडत नाही. मी उलट म्हणतो, ज्याच्याकडे दोनच डिस्कचे पैसे आहेत त्यानं रेड लावूच नये. दोन डिस्क आरशासारख्या एका डब्यात ठेवण्यापेक्षा एक टेबलावर आणि दुसरी दुसऱ्या गावी ठेवावी. टेबलावरची मेली तर एक दिवस काम बंद राहील, डोकं दुखेल, गिऱ्हाईक ओरडेल. पण पाठवणीचा व्हिडिओ राहील. एक दिवसाचं काम आणि माणसाची एकुलती एक आठवण, यांत काय वाचवायचं हे मला त्या मुलीनं शिकवलं.

दुसरं म्हणाले, डेटाच इतका आहे की प्रत ठेवायची कुठं? हीच सबब एका सरकारनं सांगितली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाईली ठेवणारी अख्खी व्यवस्था जळाली, ८५८ टीबी. बाहेर प्रत नव्हती, आणि कारण दिलं गेलं ते हेच, साठा फार मोठा होता. तिथं यंत्रं आपल्या डब्याहून शंभर पटीनं भारी असणार. इमारत मात्र एकच होती.

तिसरा मुद्दा त्यांचा सगळ्यात मजबूत आहे, आणि मी तो टाळणार नाही. "रेड विसरत नाही, माणूस विसरतो. तुम्ही म्हणता ती दुसऱ्या गावची प्रत तीन आठवडे जाईल आणि चौथ्यापासून बंद पडेल." हे अगदी खरं आहे. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरेपर्यंत हात थांबला नाही. मग प्रती शोधायला गेले तर पाच तऱ्हांच्या व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. एवढ्या जाणकारांचं असं होतं, तर आपलं का होणार नाही? पण यातून निघतं ते एवढंच की प्रत कामाच्या रीतीत बांधून घ्या आणि उघडून बघत जा. माणूस विसरतो म्हणून प्रतच नको, हे म्हणजे पोरगं औषध थुंकतं म्हणून औषध बंद करण्यासारखं आहे.

माझ्याकडे आता रीत अशी आहे. काम चालतं ते दोन डिस्कच्या आरशावर, कारण लग्नसराईत एक दिवसही बंद ठेवणं मला झेपत नाही. प्रत्येक लग्न त्याच रात्री एका सुट्या डिस्कवर उतरतं आणि ती डिस्क कॉपी झाली की वायरीतून काढून ठेवली जाते, म्हणजे व्हायरसचा हात तिथं पोचत नाही. आठवड्याला ती लातूरला बहिणीच्या घरी जाते आणि तिथली परत येते. क्लाउडवर फक्त निवडक फोटो, कारण एका लग्नाचे ३०० जीबी आमच्या इंटरनेटवरून चढवायला दीड दिवस लागतो, आणि एसटी लातूरला तासाभरात पोचते. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं हाच हिशेब तीन प्रती, दोन तऱ्हेची साधनं, एक प्रत बाहेर, असा सांगून जगभर रूढ केला. तो आमच्याच धंद्यातला माणूस, हे मला बरं वाटतं.

आणि विसरण्यावर इलाज म्हणून एक नियम भिंतीवर लिहून ठेवला आहे. लातूरची प्रत पोचली आणि तिथल्या संगणकावर मधलीच कुठलीही एक फाईल उघडून बघितली, असा बहिणीचा फोन आल्याशिवाय मेमरी कार्ड पुसायचं नाही. कार्डं कमी पडतात, पोरं कुरकुरतात, दोनदा तर ऐन लग्नाच्या दिवशी नवी कार्डं घ्यावी लागली. घेतली.

वडिलांचे ते पत्र्याचे डबे मी आता स्कॅन करतोय. पाकिटावरची बॉलपेनाची शाई काही ठिकाणी उडाली आहे, गाव ओळखू येतं, तारीख येत नाही. झालेल्या निगेटिव्हची एक डिस्क बहिणीकडे गेली आहे.

ज्येष्ठ बंधूंना माझी नम्र पण जाहीर विनंती आहे. पुढच्या बैठकीत तो डबा पुन्हा आणा. या वेळी डिस्क ओढू नका. डब्याची वायर काढा, डबा गाडीच्या डिकीत ठेवून कुलूप लावा, आणि मग गेल्या मे महिन्यातल्या कुठल्याही एका लग्नातला पाठवणीचा फोटो आम्हाला पडद्यावर दाखवा. आम्ही थांबतो.